भांडं गार व्हायच्या आत

गेल्या महिन्यात याच पानावर मी 'डेडली प्रिमोनिशन' या 2010 सालच्या जपानी भयगेमबद्दल लिहिलं आणि शेवटी 'जमलं तर खेळा' असं म्हणून मोकळा झालो. ते तीन शब्द महागात पडले. एरवी या सदराकडे महिन्याला सात-आठ पत्रं येतात आणि त्यातली निम्मी 'माझ्या कंट्रोलरची काडी आपोआप डावीकडे जाते, काय करू' अशी असतात. या वेळी काडीचं एकच आलं (त्यांनी दुकानात दाखवावा, पत्राने दुरुस्त होत नाही). बाकी सगळी या गेमवर, आणि सरळ दोन तट. म्हणून हा महिना त्यालाच देतो.

मागचा अंक ज्यांच्या हाती लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ग्रीनव्हेल नावाचं एक काल्पनिक गाव आहे. तिथल्या जंगलात ॲना ग्रॅहम या तरुण मुलीचा मृतदेह झाडाला टांगलेला सापडतो. तपासाला एफबीआयचा फ्रान्सिस यॉर्क मॉर्गन येतो. 'मला यॉर्क म्हणा, सगळे तेच म्हणतात' हे तो भेटेल त्याला ऐकवतो, आणि समोरच्याशी बोलता बोलता मध्येच झॅक नावाच्या कुणाशी तरी बोलायला लागतो. हा झॅक आपल्याला दिसत नाही. गाव मोकळं आहे, कुठेही फिरा. अधूनमधून मात्र सगळं काळंलाल होतं, वाकडीतिकडी माणसं अंगावर येतात आणि बंदूक काढावी लागते.

तुमच्या भरवशावर हा गेम घेतला. चार तास खेळलो. गाडी चालवताना कपाट ढकलल्यासारखं वाटतं. नकाशा इतका जवळून दाखवतात की आपण गावात कुठे आहोत तेच कळत नाही. शत्रू सगळे एका साच्यातले. ज्यांनी याला दहापैकी दोन गुण दिले त्यांचा जाहीर सत्कार करायला हवा. तुम्ही स्वतः खेळला होतात का? माझे पैसे परत द्या. — एक चिडलेला वाचक, इचलकरंजी

खेळलो होतो, शेवटपर्यंत. तुमच्या तक्रारींतली एकही खोटी नाही. नकाशाचं तर तुम्ही कमीच बोललात. आपण वळलो की तोही फिरतो, त्यामुळे उत्तर दिशा कुठे हे शोधण्यातच अर्धा जीव जातो.

दोन गुण देणारे म्हणजे आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळाचे परीक्षक. त्याच साली डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या संकेतस्थळाने याच गेमला दहापैकी दहा दिले. एकाच डिस्कला. परीक्षकांत सर्वांत जास्त मतभेद घडवणारा सर्व्हायव्हल हॉरर (म्हणजे भीतीत जीव वाचवायचा) गेम म्हणून गिनीज बुकानेही त्याची नोंद घेतली आहे. तेव्हा तुमचं-माझं जमत नाही यात नवल नाही, त्याला पंधरा वर्षांची परंपरा आहे.

मारामारीबद्दल मी तुमच्याच बाजूचा. नेम धरला की यॉर्कचे पाय जमिनीत रुतल्यासारखे होतात. समोरून कमरेतून मागे वाकलेली सावली 'मला मरायचं नाही' असं कण्हत येते आणि जवळ पोचली तर घशात हात घालते. पहिल्यांदा अंगावर काटा येतो. दहाव्यांदा आपण घड्याळ बघतो. पिस्तुलाच्या गोळ्या कधी संपत नाहीत, म्हणजे जीव वाचवायच्या गेममध्ये जी टंचाईची धास्ती असते तीही नाही. आणि गंमत बघा, दिग्दर्शक हिदेताका सुएहिरो, ज्यांना सगळे 'स्वेरी' म्हणतात, त्यांनीच पुढे सांगितलं की मूळ बेतात ही मारामारी नव्हती. पाश्चात्त्य गिऱ्हाईक गोळीबाराशिवाय घेणार नाही म्हणून ती नंतर घातली. खेळताना ते जाणवतं. आमटी उकळल्यावर कुणीतरी वरून पाण्याचा तांब्या ओतावा, तसं.

एक कबुली देतो. डोंबिवलीत माझं गेम पार्लर होतं. चार टीव्ही, दोन पंखे, तासाला वीस रुपये. तिथे हा गेम मी कधीच लावला नसता. तासाचे पैसे मोजून बसलेला पोरगा पंधराव्या मिनिटाला उठला असता आणि उरलेल्या पाऊण तासाचे पंधरा रुपये परत मागितले असते, आणि मी दिले असते. तुमचे मात्र परत देता येत नाहीत. माझं मानधन तुम्हाला माहीत नाही म्हणून तुम्ही ती मागणी करताय.

वाईट गोष्ट 'भन्नाट' म्हणून डोक्यावर घेण्याची हल्ली फॅशन आहे. टुकार सिनेमे मित्रांना जमवून हसत बघायचे, तसंच हे नाही का? तुम्हाला खरंच आवडला की वेगळं दिसायचं होतं? — एक विद्यार्थी, पुणे

प्रश्न झोंबला, म्हणजे बरोबर जागी लागला.

हसत बघायच्या टुकार गोष्टीला आपण वरून खाली बघतो. बनवणाऱ्याला कळत नव्हतं आणि आपल्याला कळतंय, याचंच ते हसू असतं. इथे मला तसं वाटलं नाही. या गेममध्ये गाडीच्या वायपरला बटण आहे. इंडिकेटरला बटण आहे. त्यांचा खेळात कवडीचा उपयोग नाही. तपास नीट चालत नाही, नकाशा वाचता येत नाही, आणि कुणीतरी ओसाकाच्या कचेरीत बसून इंडिकेटर लुकलुकेल याची काळजी घेतोय! याला अज्ञान म्हणता येत नाही. याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. मी हा गेम कॉम्प्युटर टीव्हीला जोडून बाहेरच्या खोलीत खेळायचो. आई तेव्हा चौऱ्याहत्तरची. तिला रात्री लवकर झोप लागत नाही, म्हणून ती शेजारच्या खुर्चीत गवार मोडत बसायची. पहिले दोन दिवस तिने पडद्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'ह्याने दाढी नाही केली का रे?'

यॉर्कची दाढी खरंच वाढते. हॉटेलातल्या आरशासमोर उभं राहून ती करावी लागते. सूट बदलला नाही तर मळतो, मग त्याच्याभोवती माश्या घोंघावतात आणि खात्याकडून दंडही बसतो. त्याला भूक लागते, झोप येते. सिगरेट ओढली की वेळ पुढे सरकतो. पाऊस लागला की गावातली माणसं दारं लावून घेतात, कारण लाल रेनकोट घालून कुऱ्हाडीने माणसं मारणाऱ्याची आख्यायिका तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. हॉटेलची मालकीण पॉली म्हातारी आहे, तिला कमी ऐकू येतं. ती यॉर्कला लांबलचक टेबलाच्या या टोकाला नाश्ता वाढते आणि स्वतः त्या टोकाला बसते. दोघं ओरडून बोलतात आणि एकमेकांचं भलतंच ऐकतात. आई त्या प्रसंगाला इतकी हसली की गवार खाली सांडली. आमच्या आत्याचं आणि तिचं फोनवरचं बोलणं असंच चालतं.

गावातल्या प्रत्येकाचं वेळापत्रक आहे. कोण कधी दुकान उघडतो, कोण कधी घरी जातो. तुम्ही तिथे असा की नसा, ते चालूच असतं. आठवड्याभरात आईला ते माझ्यापेक्षा जास्त पाठ झालं. 'आत्ता नाही भेटायचा तो, जेवायला गेला असेल.' काळंलाल सुरू झालं की मात्र ती उठून आत जायची. 'तुझं ते संपलं की हाक मार.' पंधरा-वीस मिनिटांनी हाक मारली की येऊन विचारायची, 'कॉफी प्यायला का?' तेही बरोबरच, कारण यॉर्कला कॉफीत दूध फिरताना अक्षरं दिसतात आणि त्यावरून तो तपासाची दिशा ठरवतो. आईला त्यात वावगं काही वाटलं नाही. तिच्या मावशी तांदळाचे दाणे टाकून कौल लावायच्या.

खरी गोष्ट पुढची. गेम संपला त्याला दोन महिने झाले असतील. मी रविवारी दहा वाजता तसाच खुरटी दाढी घेऊन पेपर वाचत बसलो होतो. आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, 'माश्या येतील हं.'

नंतर कधीतरी स्वेरींच्या 2011 च्या एका व्याख्यानाबद्दल वाचनात आलं. सॅन फ्रान्सिस्कोला गेम बनवणाऱ्यांची मोठी परिषद भरते, तिथलं. त्यांचा मुद्दा असा होता की खेळणाऱ्याने गेम बंद केल्यावरही गेम आठवावा, आणि त्यासाठी रोजच्या साध्या गोष्टी गेममध्ये घालाव्यात: कॉफी पिणं, दाढी करणं, जेवणं. म्हणजे घरी ती गोष्ट करताना आपोआप आठवण निघते. मी ते वाचलं आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, 'मग जमलंय त्याला.'

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कंट्रोलर हातात असतानाचे तास मोजाल तर दोन गुण फार कमी नाहीत. मी चार दिले असते. हातात नसतानाचे मोजाल तर दहा देणाऱ्याला वेडा म्हणता येत नाही. परीक्षकांचं भांडण गुणांवरून झालं असं सगळे म्हणतात. मला वाटतं दोघांनी दोन वेगळ्या वेळा मोजल्या. पण म्हणून वाईट भाग 'गोड' होत नाही. तो टोल आहे. टोल भरावा, पावती घ्यावी आणि रस्ता आवडला तरी टोलची स्तुती करू नये.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. मी शेजारी बसून थोडं पाहिलं तर हॉटेल, गप्पा, मासेमारी असं साधंच दिसलं. त्याला खेळू द्यावा का? — एक आई, नाशिक

नको. तुम्ही पाहिलात तो भाग साधा आहे, बाकीचा नाही. अमेरिकेत याला सतरा वर्षांवरचं मानांकन आहे आणि ते योग्य आहे. खून बायकांचे आहेत आणि ते दाखवण्यात हात आखडता घेतलेला नाही. तीन वर्षं थांबू द्या. गेम कुठे जात नाही.

इथे एका ओळखीच्यांनी सांगितलं की या गेममागे मुंबईची कंपनी होती. मला थापच वाटली. — एक वाचक, न्यू जर्सी

थाप नाही, पण 'मागे' हा शब्द थोडा खाली आणा. गेम बनवला ओसाकाच्या ॲक्सेस गेम्सने. अमेरिकेत तो विकायला आणला इग्निशन एंटरटेनमेंटने, आणि या इग्निशनचा मोठा हिस्सा मुंबईच्या यूटीव्हीने 2007 मध्ये घेतला होता. होय, तीच रॉनी स्क्रूवाला यांची यूटीव्ही, जिच्या मालिका आपण जेवताना बघायचो. तेव्हा यूटीव्हीला गेमच्या धंद्यात मोठं व्हायचं होतं. 2011 मध्ये 'एल शद्दाय' हा दिसायला देखणा आणि तितकाच विचित्र गेमही त्यांनीच अमेरिकेत आणला. 2012 मध्ये यूटीव्ही डिस्नेकडे गेली आणि ते प्रकरण मिटलं.

एक गोष्ट मला यात महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी 2010 मध्ये अमेरिकेत हा गेम वीस डॉलरला आला, जेव्हा नव्या गेमची किंमत साठ असायची. दहा देणाऱ्यांच्या मनात ते वीस डॉलर नक्की होते. साठ मोजले असते तर इंडिकेटरचं एवढं कौतुक झालं असतं का, मला शंका आहे. आमच्या पार्लरातही बाद झालेले, ओरखडे पडलेले गेम मी दहा रुपये तासाने लावायचो आणि त्यांच्याबद्दल पोरं फार उदार मनाने बोलायची.

हा गेम म्हणजे 'ट्विन पीक्स' या मालिकेची सरळ नक्कल आहे. त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत! — मडगावहून एक मालिकाप्रेमी

लिहायला हवं होतं, चूक कबूल. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ती 1990 ची मालिका. तिथेही वॉशिंग्टन राज्य, जंगल, मारली गेलेली मुलगी, कॉफीवेडा एफबीआय एजंट. सुरुवातीला 'रेनी वुड्स' नावाने 2007 मध्ये तोक्योच्या प्रदर्शनात या गेमची झलक दाखवली तेव्हा साम्य इतकं डोळ्यात भरलं की ओरड झाली. मग पात्रं, प्रसंग बदलले, नाव बदललं. तरी उसनं घेतलेलं बरंच उरलं आहे.

पण नक्कल म्हणताना एक बघा. मालिकेतला एजंट टेपरेकॉर्डरशी बोलतो. यॉर्क झॅकशी बोलतो. गाडीत बसला की ऐंशीच्या दशकातले सिनेमे, कोणी दिग्दर्शित केला, तेव्हा आपण काय करत होतो, 'आठवतं का झॅक?' असं चालू राहतं. रस्ता लांब, गाडी हळू, पडद्यावर दुसरं काही नाही. तेव्हा हळूहळू लक्षात येतं की ज्याला तो विचारतोय त्याच्या हातात कंट्रोलर आहे. टेपरेकॉर्डरमध्ये ही गोष्ट होऊ शकत नाही. झॅक कोण याचं उत्तर पुढे मिळतं, ते मी इथे फोडणार नाही. उसन्या पातेल्यात का होईना, भाजी त्याची स्वतःची आहे.

यातली कोणती आवृत्ती घ्यावी? — छत्रपती संभाजीनगर

एक्सबॉक्स 360 या गेमयंत्राची मूळ डिस्क मिळाली तर ती. 2013 ची 'डायरेक्टर्स कट' प्लेस्टेशन 3 आणि पीसीवर आली; तिच्यात मारामारी सोपी केली आहे आणि काही प्रसंग वाढवले आहेत, त्यातले सगळेच हवे होते असं नाही. पीसीवरची सुरुवातीला चित्राच्या 720 रेषांच्या वर जायलाच तयार नव्हती, म्हणजे चित्र धूसर. मग 'ड्युरांते' या नावाने वावरणाऱ्या एका हौशी माणसाने स्वतः दुरुस्ती लिहून फुकट वाटली. पीसीवर खेळाल तर ती आधी टाका. निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रावर 2019 पासून 'ओरिजिन्स' आहे, ती मूळ गेमवर बेतलेली.

दुसरा भाग 2020 मध्ये आला. तो इतका अडखळत चालायचा की पहिल्याची गाडी मोटारशर्यतीतली वाटावी. शिवाय त्यातल्या एका ट्रान्स पात्राला ज्या तऱ्हेने वागवलं त्यावर टीका झाली, आणि स्वेरींनी माफी मागून ते प्रसंग पुन्हा लिहायचं कबूल केलं. पहिला आवडला तरच दुसऱ्याकडे वळा, आणि तेही सेलमध्ये.

या गेममधल्या खारी माकडासारख्या का ओरडतात? — दोन भाऊ, सातारा

बहुधा कुणीतरी चुकीचा आवाज लावला. पण आता बागेत खार दिसली की मी थांबून ऐकतो.

गावात एक बाई हातात भांडं घेऊन रस्त्यात उभी असते. ती गाडीत बसली, मला तिच्या घराचा रस्ता सापडेना, आणि भांडं गार झालं म्हणून ती रागावली. यामुळे पुढे काही बिघडतं का? — एक वाचिका, कोल्हापूर

ती सिगर्नी. मुख्य कथेत काडीचा फरक पडत नाही. ते सगळं ऐच्छिक काम आहे, पुन्हा करता येतं.

माझंही पहिल्यांदा तसंच झालं होतं. ती गाडीत बसते, मांडीवर भांडं, आणि गार होतंय, गार होतंय असा धोशा लावते. आपण तो फिरता नकाशा बघत चुकीच्या फाट्याला वळतो, परत येतो, झाडाला धडकतो. गाडी ढकललेल्या कपाटासारखीच चालते (इचलकरंजीकरांना नमस्कार). तुम्हाला नेम धरायचा नाही, कुणाला मारायचं नाही. एक म्हातारी आणि तिचं गरम भांडं. माझ्या तळहाताला घाम आला होता. अख्ख्या गेममध्ये तेवढी धास्ती मला त्या वाकड्या सावल्यांनी दिली नाही.

भांडं गार झालं, ती रागावली, मी रात्री साडेबाराला टीव्ही बंद केला. आतून आईचा आवाज आला, 'पोचली का ती?'

नाही म्हटलं.

'मग बंद काय करतोस? लाव परत. मी डावं-उजवं सांगते.'